आईला न्यायचंय, पण चारचौघींत अंघोळ नको

नमस्कार ताई,
मी कोल्हापूरची, वय ४८. दिवाळीनंतर मी, माझे यजमान आणि माझी आई असे तिघं नऊ दिवसांसाठी जपानला जातोय. टोकियो, क्योटो, ओसाका असं ठरलंय. आई ७४ वर्षांची आहे. तिचं माहेर राजापूरचं. लहानपणी ती आजीबरोबर उन्हाळ्यावर, म्हणजे तिथल्या गरम झऱ्यावर, अंघोळीला जायची, त्या गरम पाण्याची आठवण अजून काढते. जपानात गरम पाण्याचे झरे आहेत हे कळल्यापासून तिचं एकच म्हणणं आहे, "बाकी काही नाही दाखवलंत तरी चालेल, तेवढं दाखवा." एजंटने एक मोठं हॉटेल सुचवलंय, शंभराच्या वर खोल्या आहेत. पण तिथे सगळ्या बायकांबरोबर कपडे काढून अंघोळ करावी लागते म्हणे. आईला ते जमणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. ह्यांना त्याचं काही वाटत नाही. आईला बीपी आहे, गुडघे दुखतात, ती शुद्ध शाकाहारी आहे. आम्हाला गर्दी-गोंगाट नको. स्वतंत्र बाथ असलेलं शांत ठिकाण कसं निवडायचं? फोटोंत तर सगळीच सुंदर दिसतात.
– एक लेक

प्रिय लेक,

सगळ्यात आधी ते शंभर खोल्यांचं हॉटेल बाजूला ठेवा. ते वाईट असेल असं नाही, पण तुमच्या आईंसाठी ते नाही.

आणि "मलाही जमणार नाही" हे तुम्ही जरा बिचकत लिहिलंय, तसं बिचकायचं काही कारण नाही. मी जपानात अकरा वर्षं राहिले. पहिली दोन वर्षं मीही सार्वजनिक ओन्सेनच्या, म्हणजे गरम झऱ्याच्या न्हाणीघराच्या, दारातून परत फिरत होते. पुढे सवय झाली, आवडायलाही लागलं. पण ज्यांना ते नकोच वाटतं त्यांनी मन मारून जावं असं मला कधीच वाटलं नाही. जपानी लोकांतही कुटुंबापुरता बाथ हवा असणारे पुष्कळ आहेत. म्हणून तर त्यासाठी वेगळे शब्द आहेत, वेगळी सोय आहे आणि ती चांगली शंभर ठिकाणी मिळते. तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात.

तुमच्या पत्रात दोन मागण्या एकत्र आल्या आहेत, शांत आणि स्वतंत्र. जाहिरातींतही त्या जोडीनेच येतात, पण त्या वेगळ्या आहेत. खोलीत स्वतंत्र बाथ असलेल्या हॉटेलात रात्री अकरापर्यंत शेजारच्या हॉलमध्ये कंपनीची पार्टी चालू असू शकते. आणि डोंगरातल्या आठ खोल्यांच्या लाकडी, पारंपरिक जपानी अतिथिगृहात, म्हणजे र्‍योकानात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता असते, पण अंघोळीला एकच सामाईक कुंड असतं. दोन्ही एकाच ठिकाणी मिळवायचं तर दोन्हीची वेगवेगळी चौकशी करावी लागते.

आधी बाथचं बघू.

स्वतंत्र बाथ दोन तर्‍हेचा असतो. एक, तुमच्या खोलीचाच. बाल्कनीत, छोट्या अंगणात किंवा खिडकीला लागून टब असतो, कधी हिनोकी लाकडाचा, कधी दगडी, कधी मोठ्या रांजणासारखा मातीचा. त्याला 'रोतेनबुरो-त्सुकी' खोली म्हणतात, म्हणजे उघड्यावरच्या कुंडासहित खोली. दुसरा, 'काशिकिरी-बुरो'. हा र्‍योकानचा असतो, पण ठरावीक वेळ फक्त तुमचा. काही ठिकाणी त्यालाच 'काझोकु-बुरो', म्हणजे कुटुंबाचं न्हाणीघर म्हणतात. काशिकिरी कुठे पैसे भरून, वेळ ठरवून घ्यावा लागतो, बहुतेक ४५ किंवा ५० मिनिटं. कुठे तो फुकट असतो. दारावरची पाटी उलटी करायची, आतून कडी लावायची, झालं.

तुम्ही नवरा-बायको दोघंच जात असतात तर मी डोळे झाकून काशिकिरीच सांगितला असता. छोट्या र्‍योकानात साधी खोली आणि फुकटचा काशिकिरी, एवढं पुरतं. खोलीतल्या बाथसाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नसते. पण आईंचा विचार करून बघा. चौर्‍याहत्तर वर्षांचे गुडघे. ठरलेल्या वेळी खोलीतून निघायचं, कॉरिडॉर, कदाचित चार पायर्‍या, कपडे काढायला पाच-सात मिनिटं. आधी बाहेर बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, कारण कुंडात अंग धुवायला नाही, शेकायला उतरायचं असतं. मग काठाला धरून हळूहळू पाण्यात. जरा कुठे जीव सुखावतोय तोवर घड्याळात अर्धा तास झालेला. परत अंग पुसणं, कपडे, पुढचे पाहुणे यायच्या आत बाहेर. आईंनी साठेक वर्षं ज्याची आठवण काढली, ते घाईघाईत उरकायला लावू नका. खोलीतलाच बाथ घ्या. संध्याकाळी पाच मिनिटं, जेवणाआधी नुसते पाय, पहाटे जाग आली की पुन्हा, असं मनाला येईल तेव्हा बसता येतं. खर्च करायचा तर तो इथे करा.

आता एक नाजूक गोष्ट. ती एजंट सांगणार नाही, कारण त्याच्या लक्षातच येणार नाही. र्‍योकानात एका खोलीत तिघं-चौघं झोपणं अगदी रुळलेलं आहे, तातामीवर (विणलेल्या गवती चटईवर) ओळीने फुतोन, म्हणजे गाद्या, अंथरतात. पण खोलीतला बाथ आणि खोली यांच्यामध्ये पुष्कळदा नुसती काच असते, बाहेरचा देखावा आतून दिसावा म्हणून. तुमच्या आई जावयासमोर, पडदा ओढलेल्या काचेमागे अंघोळीला बसतील? माझी आई बसली नसती. तेव्हा दोन खोल्या घ्या. तुम्ही आणि आई बाथवाल्या खोलीत, यजमान साध्या खोलीत. त्यांना सामाईक कुंडाचं काही वाटत नाही म्हणता, मग पुरुषांचं मोठं कुंड त्यांचंच. काही र्‍योकान एकट्या माणसाला खोली देत नाहीत किंवा जास्त दर लावतात, म्हणून हे आधीच विचारा. तसं जमत नसेल तर दोन दालनांची खोली मागा आणि बाथला दार असलेली कपडे बदलायची जागा आहे का, हे नक्की करून घ्या.

खर्चाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, र्‍योकानचा दर खोलीचा नसतो, माणशी असतो. त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता बहुतेक धरलेला असतो. आपल्याकडची माणसं आकडा बघतात, "अरे, परवडतंय की" म्हणतात आणि मग तिप्पट बिल बघून हादरतात. माणशी दीडशे येनच्या आसपास न्हाण्याचा स्थानिक करही लागतो, तो बहुधा तिथेच रोख देतात.

आता या पत्रात मला सगळ्यात जीव तोडून जे सांगायचंय ते. खोलीत बाथ आहे म्हणजे त्यात झर्‍याचं पाणी आहे असं नाही.

माझे सासू-सासरे आले होते तेव्हाची गोष्ट. मी हौसेने खोलीत लाकडी टब असलेलं र्‍योकान घेतलं. फोटोत वाफा, मागे मेपलचं झाड. पोचलो, बाल्कनीचं दार सरकवलं तर टब कोरडा. भिंतीवर टिचभर पडद्याचं यंत्र. बटण दाबलं, पाणी भरायला लागलं, आणि वीसेक मिनिटांनी यंत्रातून छोटीशी धून वाजली आणि बाईचा आवाज आला, "ओफुरो गा वाकिमाशिता." न्हाणीचं पाणी तापलं. ती धून मी रोज माझ्या टोकियोच्या फ्लॅटमध्ये ऐकत होते. नळाचं पाणी, गॅसवर तापवलेलं. झर्‍याचं पाणी खाली तळमजल्यावर, सामाईक कुंडात होतं, आणि सासूबाई तिथे जायला तयार नव्हत्या. र्‍योकानने खोटं काही लिहिलं नव्हतं. "खोलीत खुला बाथ" लिहिलं होतं आणि खुला बाथ होता. "ओन्सेन" हा शब्द त्या ओळीत नव्हता, आणि तो मी माझ्या मनाने वाचला होता. सासूबाई मोठ्या मनाने म्हणाल्या, छान गरम आहे गं पाणी. मला मात्र ते अजून लागतं.

तेव्हा बुकिंगच्या आधी हाच प्रश्न विचारायचा: खोलीतल्या बाथमध्ये ओन्सेनचं पाणी आहे का? त्याच्या पुढचा प्रश्न, ते 'गेन्सेन काकेनागाशी' आहे का? म्हणजे झर्‍यातून येऊन टबात पडून वाहून जाणारं, तेच पाणी गाळून पुन्हा फिरवलेलं नव्हे. मोठ्या हॉटेलांत बहुधा पाणी फिरवावंच लागतं, इतक्या माणसांना झरा पुरत नाही. ते गाळून, क्लोरीन घालून स्वच्छ ठेवतात, त्यात धोका असा काही नाही. पण आईंना राजापूरची आठवण वाहत्या पाण्यानेच होईल, क्लोरीनच्या वासाने नाही.

जपानात ओन्सेन कशाला म्हणायचं याचा १९४८ सालचा कायदा आहे. उगमाशी पाणी किमान २५ अंश सेल्सियस असलं किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असला की ते ओन्सेन. म्हणजे पंचवीस अंशांचं कोमट पाणी वर आणून तापवलं तरी ते कायद्याने ओन्सेनच. २००४ साली नागानो प्रांतातल्या एका नावाजलेल्या ओन्सेन गावात पाणी दुधाळ दिसावं म्हणून त्यात रंगाची पूड टाकत असल्याचं उघडकीस आलं, देशभर गाजलं ते प्रकरण. त्यानंतर २००५ पासून पाण्यात साधं पाणी मिसळतात का, ते तापवतात का, फिरवतात का, त्यात काही घालतात का, हे लिहून लावणं बंधनकारक झालं. कपडे काढायच्या खोलीत भिंतीवर पाण्याच्या तपासणीचा कागद असतो, त्याच्याच आसपास ही माहिती लावलेली सापडते. चांगल्या र्‍योकानवाल्याला याबद्दल विचारलेलं आवडतं. आपल्या पाण्याबद्दल तो एखाद्या आंबेवाल्याने बागेबद्दल सांगावं तसा भरभरून सांगतो. उत्तर गुळमुळीत आलं की समजायचं.

पाणी कोणतं, यालाही महत्त्व आहे. कुसात्सूचं नाव तुम्ही ऐकलं असेल, फार मोठं ओन्सेन गाव. पण तिथलं पाणी लिंबाच्या रसाइतकं आंबट, सामू दोनच्या आसपास. वयस्क, कोरड्या त्वचेला ते झोंबू शकतं. गंधकाच्या पाण्याचा आणखी एक त्रास, चांदी काळी पडते. आईंच्या पायात जोडवी असतील, किंवा तुमच्या, तर ती आधी काढून ठेवा. निघत नसतील तर गंधकाचं पाणी टाळा. हे मी ऐकीव सांगत नाही, माझी जोडवी एका संध्याकाळीत शाईसारखी झाली होती.

मग जायचं कुठे? फोटोंत तुम्हाला कुरोकावा, न्यूतो, गिन्झान दिसतील आणि मन जाईल. सुंदरच आहेत. पण कुरोकावा क्यूशू बेटावर, न्यूतो आणि गिन्झान पार उत्तरेला. नऊ दिवसांत आईंना घेऊन तिकडे धावायचं म्हणजे निम्मा जीव गाडीतच जायचा.  टोकियो आणि क्योटोच्या मधेच थांबा.

हाकोने सगळ्यांना माहीत असतं. तिथे जायचं तर हाकोने-युमोतोच्या गजबजाटात न राहता वर सेन्गोकुहाराला जा. शरद ऋतूत तिथल्या माळावर सुसुकी नावाचं उंच गवत सोनेरी होतं. पण तिथल्या पुष्कळ र्‍योकानांत ओवाकुदानीहून आणलेलं दुधाळ, गंधकाचं पाणी आहे. जोडव्यांचं म्हटलं ते आठवा.

माझं मत विचाराल तर शुझेन्जी. इझू द्वीपकल्पातलं छोटं गाव. शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) मिशिमाला उतरायचं, तिथून छोट्या लोकल गाडीने ३५ मिनिटांच्या आसपास, मग बस किंवा टॅक्सीने दहा मिनिटं. शिंकान्सेनपैकी नोझोमी गाडी मिशिमाला थांबत नाही, कोदामा थांबते, काही हिकारीही थांबतात. पाणी स्वच्छ, बिनवासाचं, सौम्य, किंचित अल्कधर्मी. अंगाला लागलं की साय लावल्यासारखं वाटतं. गावातून कात्सुरा नदी वाहते, तिच्यावर लाल पूल, काठाने बांबूचं बन आणि त्यातून सपाट फरसबंदी वाट. गुडघ्यांना झेपेल एवढंच सगळं.

आणि त्या नदीच्या पात्रातच एक कुंड आहे, तोक्को-नो-यू. त्याची कथा अशी. कोबो दाइशी, म्हणजे जपानात मंत्रयान बौद्ध पंथ रुजवणारे कूकाई, बाराशे वर्षांपूर्वी इथे आले. नदीच्या गार पाण्यात एक मुलगा आपल्या आजारी वडिलांचं अंग धूत होता. ते बघून त्यांना गहिवरून आलं. हातातला तोक्को त्यांनी खडकावर मारला आणि ऊन पाणी उसळलं. तोक्को म्हणजे एका टोकाचं वज्र. आपल्याकडे गरम पाण्याची कुंडं आहेत त्या देवीचं नाव वज्रेश्वरी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, पण मी पहिल्यांदा त्या कुंडाशी उभी राहिले तेव्हा मला घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. तिथे अंघोळ करता येत नाही, नुसतं बघायचं. पण आईंना ही गोष्ट तिथे उभं राहून सांगा.

आता शांततेचं. पहिली खूण खोल्यांची संख्या. पंधराच्या आत असेल तर निम्मं काम झालं. र्‍योकानच्या माहितीत 'एन्काइजो', म्हणजे मेजवानीचा हॉल, किंवा काराओके दिसलं तर पुढे सरका. आतामी, किनुगावा अशा ठिकाणची अवाढव्य हॉटेलं कंपन्यांच्या सहलींसाठी, बसगाड्या भरून येणार्‍या माणसांसाठी उभी राहिली. नकाशावर दाराशी मोठं बस पार्किंग दिसतंय का, तेही बघा. बारा वर्षांखालची मुलं घेत नाही असं काही र्‍योकान स्पष्ट लिहितात. तुमच्यासारख्यांना ते सोयीचं. 'हानारे' हा शब्द दिसला तर थांबून वाचा. मुख्य इमारतीपासून सुटी, स्वतंत्र खोली म्हणजे हानारे. तिथे शेजारची भिंतच नसते. मात्र तिथवर जायला बागेतल्या दगडी पायर्‍या असतात, म्हणून आईंसाठी तेवढं विचारून घ्या.

जुनी लाकडी वास्तू फोटोत मोहात पाडते. पण डोक्यावरच्या खोलीत कुणी चाललं तरी फळी करकरते. तुमची झोप सावध असेल तर वरच्या मजल्यावरची कोपर्‍यातली खोली मागा, पण लिफ्ट असेल तरच. नदीकाठच्या खोलीत रात्रभर पाण्याचा आवाज येतो. मला तो अंगाई वाटतो, माझ्या एका मैत्रिणीला रात्रभर पाऊस पडतोय असं वाटून झोप आली नव्हती.

वार मात्र जपून निवडा. शनिवारी दर चढतात आणि गर्दीही. ३ नोव्हेंबर आणि २३ नोव्हेंबर या तिथल्या सुट्ट्या आहेत, त्या आणि त्यांना जोडून येणारे शनिवार-रविवार टाळा. मंगळवार-बुधवार उत्तम. आणि एक नव्हे, दोन रात्री राहा. र्‍योकानात दुपारी तीनला प्रवेश आणि सकाळी दहाला निघायचं. एका रात्रीत सामान ठेवणं, जेवण, झोप आणि परत सामान आवरणं एवढंच होतं. दोन रात्री राहिलात तर मधला अख्खा दिवस तुमचा. त्यासाठी ओसाकाचा एक दिवस कमी झाला तरी मला त्याचं वाईट वाटणार नाही. मोठ्या बॅगा टोकियोच्या हॉटेलातून थेट क्योटोच्या हॉटेलात 'ताक्क्यूबिन' या सामान पोचवणाऱ्या सेवेने पाठवा, स्वागतकक्षातच फॉर्म भरून देतात, पोचायची तारीखही सांगता येते. मिशिमाच्या फलाटावर आईंचा हात धरायला तुमचे हात मोकळे असू देत.

गुडघ्यांसाठी एवढं मागा: जमिनीवर फुतोन नको, पलंग हवा. तातामी आणि पलंग दोन्ही असलेल्या खोलीला 'वायोशित्सु' म्हणतात. जेवायला उंच टेबल-खुर्ची. बाथला धरायला दांडी आहे का आणि टबचा काठ किती उंच आहे. तो रांजणासारखा मातीचा टब दिसायला फार देखणा, पण त्यात उतरायला पाय गुडघ्याच्या वर उचलावा लागतो. जमिनीत बसवलेला, आत पायरी असलेला टब आईंना सोपा.

जेवणाबाबत सावध राहा. जपानी स्वयंपाकात मासा दिसत नसला तरी असतो. 'दाशी' नावाचं पाणी सगळ्याच्या मुळाशी असतं, आमटीत, भाजीत, अगदी तोफूवरच्या रसातही, आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कीसाचं असतं. "व्हेजिटेरियन" म्हणून कळवलंत तर मासा काढून तोच रस्सा पुढे येऊ शकतो. त्यांच्या मते ते शाकाहारीच झालं. म्हणून शब्दांत सांगायचं: कोंबु या समुद्री शेवाळाची किंवा शिताके अळिंबीची दाशी चालेल, माशाची नाही. आठवडाभर आधी सांगितलं तर अनेक र्‍योकान करून देतात, ऐन वेळी कुणीच नाही. एखाद्याने "आम्हाला जमणार नाही" असं लिहिलं तर रागावू नका, तो प्रामाणिक आहे, दुसरीकडे विचारा. आणि बरोबर मेतकूट घ्या. र्‍योकानच्या नाश्त्याला जो भात येतो, मऊ, गरम, चकचकीत, त्यावर मेतकूट म्हणजे आईंना घरीच बसल्यासारखं वाटेल. भातावर कोरडी पूड पेरून खायची जपान्यांनाही सवय आहे, कुणी वळून बघणार नाही.

बीपीचं डॉक्टरांना निघायच्या आधी विचारा, हे माझ्या सांगण्यावर ठेवू नका. ते हो म्हणाले तरी पाणी ४० अंशांच्या आसपासच असू दे. खोलीतला बाथ आपलाच, फार कढत वाटलं तर गार पाण्याचा नळ सोडायला हरकत नाही. उतरायच्या आधी एक पेला पाणी प्यायला द्या. मग तांब्या-तांब्याने आधी पायांवर, मग हातांवर, मग अंगावर पाणी घ्यायचं. पहिल्या वेळी नुसतं कमरेपर्यंत, पाच मिनिटं. जेवण झाल्या झाल्या नको. उठताना सावकाश, काठाला धरून, कारण गरम पाण्यातून झटकन उठलं की चक्कर येते. नोव्हेंबरात तिथे बाहेर चांगलंच गार असतं, तेव्हा टॉवेल आणि युकाता (सुती जपानी झगा) हाताशी ठेवा आणि तुम्ही तिथेच थांबा. दार आतून लावू देऊ नका.

आई अंगावर काहीच न घेता बसायला तयार नसतील तर? तुमच्यासमोरही लाज वाटू शकते, तो पिढीचा स्वभाव आहे. कुंडात कापड बुडवू नये असा तिथला रिवाज आहे, स्वच्छतेपायी. पण 'युआमिगी' नावाचं अंघोळीचं पातळ वस्त्र मिळतं. शस्त्रक्रियेच्या खुणा असलेल्या स्त्रिया ते घालून सामाईक कुंडातही येतात, काही ठिकाणी र्‍योकानच देतं. खोलीतल्या बाथमध्ये ते चालेल का, एवढं विचारा. बहुधा हो म्हणतील.

आणखी एक विचारायचं राहिलं. आईंच्या हातावर गोंदण आहे का? त्या वयाच्या कितीतरी बायकांच्या मनगटावर तुळशीवृंदावन असतं, कपाळावर ठिपका असतो. जपानात गोंदण म्हटलं की आठवण येते ती याकुझा या गुंडांच्या टोळ्यांची, त्यामुळे अनेक सार्वजनिक कुंडांत गोंदलेल्यांना मनाई असते. चौर्‍याहत्तर वर्षांच्या आजींना कुणी अडवेल असं नाही, पण दारावरच्या त्या पाटीमुळे त्या ओशाळतील. स्वतंत्र बाथमध्ये तो प्रश्नच उरत नाही.

तीन-चार महिने आधी, दोन-तीन र्‍योकानांना एकाच वेळी लिहा. इंग्रजीत लिहिलंत तरी चालेल, पण खाली या ओळी जोडा, जपानी लिपीत कुणाकडून उतरवून घ्या:

"हेया नो ओफुरो वा ओन्सेन देसु का? काकेनागाशी देसु का?" (खोलीतला बाथ ओन्सेनचा आहे का? वाहत्या पाण्याचा आहे का?)

"हाहा वा नानाजूयोन-साइ दे, हिझा गा वारुई देसु." (आई ७४ वर्षांची आहे, गुडघे दुखतात.)

"निकु मो साकाना मो तामागो मो ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देसु. कोंबु-दाशी नारा दाइजोबु देसु." (मांस, मासे, अंडी खात नाही. बोनिटोची दाशीही नको. कोंबुची चालेल.)

पुण्यात जपानी शिकणारी-शिकवणारी माणसं पुष्कळ आहेत, कोल्हापुरातही कुणी ना कुणी सापडेल. नाहीच सापडलं, किंवा र्‍योकानचं उत्तर जपानीत आलं, तर ते आहे तसं मला पाठवा. मी वाचून त्याच दिवशी कळवते.